सुधीरचं क्रियापद

मार्च आला की आमच्या जे. पी. नगरच्या रस्त्यावर दोन गोष्टी एकदम होतात. कडेची झाडं पानं टाकून नुसत्या गुलाबी फुलांनी भरून जातात, आणि संध्याकाळचा मुलांचा आरडाओरडा बंद होतो. परीक्षा जवळ आलेली असते. गच्च्यांवर मुलं पुस्तकं घेऊन फेऱ्या मारताना दिसतात. ओठ हलत असतात, आवाज येत नाही. खाली उभ्या गाड्यांच्या टपांवर फुलं पडून राहतात आणि दुपारच्या उन्हात त्यांचा रंग उडतो. लोक थांबून फोटो काढतात. मी खिडकीचा पडदा ओढून घेते.

पूर्वी हा मोसम मला आवडायचा. मी दहावीच्या मुलांना घरी गणित शिकवते, त्यामुळे मार्चमध्ये आमचं घर वर्षातलं सगळ्यात गजबजलेलं असायचं. दाराबाहेर चपलांचा ढीग, बैठकीत गुडघ्याला गुडघे लावून बसलेली मुलं, खडूची धूळ, कुणाच्या तरी डब्यातल्या चित्रान्नाचा वास. सुधीर ऑफिसातून आला की त्या चपलांतून वाट काढत, बूट हातात घेऊन आत यायचा आणि मुलांना म्हणायचा, "चालू द्या, मी पाहुणा आहे." कन्नड मुलांसाठी हेच पुन्हा कन्नडमधून. मुलं हसायची. मग तो स्वयंपाकघरात जाऊन स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायचा आणि तिथूनच, मी फळ्यावर गडबडीत काही चुकवलं तर, हळूच खाकरायचा.

सुधीर माझा नवरा. आम्ही दोघे मिरजेच्या एकाच गल्लीतले, म्हणून लग्नानंतरही मी त्याला नावानेच हाक मारत राहिले. सासूबाईंना ते कधी आवडलं नाही. इथल्या एका सरकारी कारखान्यात त्याला इंजिनिअरची नोकरी लागली, आणि आम्ही बेंगळूरला आलो ते इथलेच झालो. दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंग्ज तपासणं हे त्याचं काम. त्याच्याजवळ तीन भाषा होत्या आणि त्या तो कधी एकमेकींत मिसळू द्यायचा नाही. ऑफिसात इंग्रजी, रस्त्यावर कन्नड, घरात मराठी. फोनवर साहेबांशी बोलता बोलता माझ्याकडे वळायचा तेव्हा त्याचा आवाजसुद्धा बदलायचा, खाली यायचा. "वसू, पाणी दे गं," एवढंच म्हणायचा, पण ते शब्द मिरजेहून आल्यासारखे वाटायचे.

काही वर्षांपूर्वीच्या मार्चमधल्या एका सकाळी चहा पिताना आम्ही रजेचं बोलत होतो. मुलांच्या परीक्षा संपल्या की एप्रिलमध्ये कुठेतरी जायचं. तो कित्येक वर्षांत सलग रजेवर गेला नव्हता. निवृत्ती जवळ आली होती आणि शिल्लक रजा तशीच पडून होती. आज साहेबांशी बोलतो, म्हणाला. कुठे जायचं हे ठरलं नव्हतं. मला समुद्र हवा होता, त्याला नको होता.

दुपारच्या आत ऑफिसातून रावांचा फोन आला. राव त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. पुढे हॉस्पिटलच्या बाकावर त्यांनी मला तो प्रसंग पुन्हा पुन्हा सांगितला, जणू आपल्याच हातून काही घडलं असावं तसा. ते दोघे एका ड्रॉइंगवर वाकून उभे होते. त्यावर कुणीतरी पूर्वी केलेली एक खूण होती. रावांनी विचारलं, ही काढून टाकू का? सुधीर म्हणाला, "लीव्ह इट." आणि मग तो अगदी सावकाश, कुणी हात धरून बसवावं तसा, जमिनीवर बसला.

मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गाठ अडकली होती. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी समजावलं की त्याला बरंचसं कळतं आहे, पण कळलेलं बाहेर यायची वाट बंद झाली आहे. मी मुलांच्या घरी कळवलं की शिकवणी बंद. त्यांची बोर्डाची परीक्षा तोंडावर होती. त्यांनी काय केलं, कुणाकडे गेली, मला माहीत नाही. त्या वर्षीचे निकालही मी विचारले नाहीत. दाराबाहेरची फरशी प्रथमच मोकळी दिसत होती.

कित्येक आठवडे तो गप्प होता. म्हणजे तोंड उघडायचा, घशातून आवाज यायचा, आणि तो आवाज ऐकून स्वतःच दचकायचा. मग तोंड मिटून घ्यायचा. ड्रॉइंगमधली सुताएवढी चूक न सोडणारा माणूस आपल्या तोंडून निघणारा आवाज ऐकत होता आणि त्याला तो चुकीचा आहे हे कळत होतं. मला वाटतं, ते न कळतं तर बरं होतं.

एप्रिलमध्ये त्याला वाचा परत यावी म्हणून मी एका केंद्रात नेऊ लागले. तिथे शुभा नावाची तरुण मुलगी त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायची. म्हैसूरकडची होती, मराठी येत नव्हतं, म्हणून ती त्याच्याशी इंग्रजीत आणि कन्नडमध्ये बोलायची. तिने मला सांगितलं की अशा माणसांना वस्तूंची नावं आधी सापडतात, क्रियापदं फार उशिरा. नावाला टेकायला वस्तू असते, क्रियापदाला काहीच नसतं. तिच्याजवळ चित्रांचे पत्ते होते. एका चित्रात एक माणूस पिशवी घेऊन दाराशी उभा होता. हा काय करतो आहे, असं तिने विचारलं. सुधीरच्या कपाळावर घाम आला. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. आणि तो अगदी स्वच्छ म्हणाला, "लीव्ह."

शुभाने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. मी व्हरांड्यात जाऊन निखिलला फोन लावला. निखिल आमचा एकुलता एक मुलगा, शहराच्या दुसऱ्या टोकाला मारतहळ्ळीला नोकरी करतो आणि तिथेच राहतो. मीटिंगमध्ये होता. मी म्हटलं, "बाबा बोलले." मागे कुणीतरी हिंदीत त्याला काहीतरी विचारत होतं आणि तो मला म्हणत होता, परत सांग.

आम्हाला तिघांनाही वाटलं की पहिला शब्द आला, आता दुसरा येईल. दुसरा आला नाही. जे काही त्याला म्हणायचं होतं ते सगळं त्या एकाच शब्दातून तो म्हणू लागला. चहा गरम लागला की लीव्ह. टीव्ही बंद करायचा असला की लीव्ह, लावायचा असला तरी लीव्ह. उशी सरकली, पायाला मुंगी चावली, मिरजेहून त्याच्या भावाचा फोन आला, लीव्ह. आवाजाचा चढउतार मात्र पूर्वीचाच होता. दुसऱ्या खोलीतून ऐकलं तर कुणी शहाणासुरता माणूस वाक्य बोलतो आहे असंच वाटायचं. जवळ गेलं की कळायचं, वाक्याचं फक्त गाणं उरलं आहे.

केंद्रात जायला आम्ही रिक्षा करायचो. एकदा रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, "एल्लिगे सार?" कुठे जायचं, असं तो विचारत होता. सुधीर ऐटीत म्हणाला, "लीव्ह." रिक्षावाला हसला, "सरी सार, होगोणा," बरं, जाऊ या, म्हणाला आणि निघाला. सुधीरही हसला. डाव्या बाजूने, अर्ध्या चेहऱ्याने. कुणाशी तरी आपण बोललो आणि त्याला ते कळलं, याचा तो आनंद होता. त्या पूर्ण उन्हाळ्यात मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच.

रविवारी निखिल यायचा आणि अंधार पडायच्या आत परत निघायचा, नाहीतर रिंग रोडवर अडकायचा. तो पिशवी उचलायला लागला की सुधीर त्याचा शर्ट डाव्या मुठीत धरायचा आणि म्हणायचा, "लीव्ह. लीव्ह." निखिल मला विचारायचा, आई, हे मला निघ म्हणतायत की जाऊ नको म्हणतायत? मी त्याला म्हणायचे, जाऊ नको म्हणतोय, पण तू जा. मूठ सोडवताना त्याला आणि मला दोघांनाही जोर लावावा लागायचा.

मराठी परत आलंच नाही. शुभा म्हणाली की असं होतं. कोणती भाषा वाचेल ते सांगता येत नाही, आयुष्यभर कामावर जी वापरली तीही वाचते. मला तिच्यावर राग धरायचं काही कारण नव्हतं, पण मला राग आला. ज्या भाषेत आम्ही भांडलो, ज्या भाषेत त्याने मला त्या गल्लीत पहिल्यांदा हाक मारली, ती बुडाली होती आणि ऑफिसच्या टेबलावरचा एक शब्द तरंगत वर आला होता. मी त्याच्याशी मराठीत बोलायचे, तो मराठीत ऐकायचा, आणि उत्तर परक्या भाषेत यायचं. वसू हा शब्द मला पुन्हा ऐकायला मिळाला नाही. त्या नावाने हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलेलंही नाही.

मी मराठी शाळेतून शिकलेली. माझं इंग्रजी गणितापुरतं. लीव्ह म्हणजे जाणे, सोडणे, आणि नाम म्हणून रजा, एवढंच मला येत होतं. पण घरात बोलणारा माणूस एक आणि त्याचा शब्द एक, तेव्हा त्या शब्दाच्या पोटात काय काय आहे ते मला बघायलाच हवं होतं. म्हणून एका दुपारी तो झोपलेला असताना मी खाली सरोजाक्कांकडे गेले.

सरोजाक्का आमच्या तळमजल्यावर राहतात. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेले. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत निम्मं कन्नड. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. मी गेल्या गेल्या, "अय्यो वसुधा, किती वाळलीस, स्वल्प कॉफी घे," म्हणून त्यांनी मला बसवलं. मी विचारलं, अक्का, लीव्ह या शब्दाचे किती अर्थ होतात? त्यांनी कारण विचारलं नाही. जिन्यातून त्यांना तो शब्द रोज ऐकू येत होता. चष्मा लावून त्यांनी कपाटातला जाडजूड शब्दकोश मांडीवर घेतला आणि वाचून सांगू लागल्या.

मी ज्याला पहिला अर्थ समजत होते, जाणे, निघून जाणे, तो फार नंतर आलेला निघाला. अक्का म्हणाल्या की जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता राहू देणे. आहे तिथे, आहे तसं ठेवणे. मरणारा माणूस मागे घरदार ठेवून जातो, त्यालाही हाच शब्द. वजाबाकी करून जे उरतं त्यालाही हाच. माझ्या गणितातला लेफ्ट. मग लोकांनी काय केलं, तर घर मागे राहू दिलं आणि आपण चालू लागले; राहिलं घर, पण शब्द चिकटला जाणाऱ्याला. तसा तो राहण्याचा शब्द जाण्याचा झाला. आणखी मागे गेलं की मूळ धातूचा अर्थ चिकटून राहणे. आपलं लिंपणं त्यातलंच, लेप त्यातलाच, आणि इंग्रजीतलं लाइफ हेही त्याच घरचं. जगणं म्हणजे चिकटून राहणं, उरणं. रजा या अर्थाचा लीव्ह मात्र निराळ्या कुळातला. त्याचं नातं लव्हशी, आपल्या लोभाशी. कुणी आपल्यावरच्या मायेने दिलेली मोकळीक ती रजा. आणि डावा या अर्थाचा लेफ्ट तिसराच. तो मुळात दुबळा या अर्थाचा.

हे शेवटचं ऐकून मला हसू आलं. सुधीरचा डावा हातच काय तो धड उरला होता. पण वर जाताना मी जिन्यात थांबले. लीव्ह म्हणजे राहू देणे. चिकटून राहणे. मला तेव्हा कुणी खजिना दाखवल्यासारखं झालं होतं. तो मुठीत शर्ट धरून निखिलला राहा म्हणत होता. रावांनाही तो राहू द्या असंच म्हणाला होता. दिवसभर तो आम्हाला जा, सोडा, पुरे म्हणत नव्हता. मी खोलीत जाऊन त्याच्या पलंगाच्या कडेला बसले आणि तो उठेपर्यंत बसूनच राहिले.

आज तो आनंद आठवला की मला माझीच कीव येते. शब्दाला त्याची आजी ठाऊक नसते. बोलणारा माणूस शब्द वापरतो, त्याचं कूळ वापरत नाही. सुधीरच्या डोक्यात एक दिवा तेवढा विझायचा राहिला होता आणि मी त्या उजेडात पोथी वाचायला बसले होते. पण त्या वेळी माझ्याजवळ दुसरं काय होतं?

मे महिन्यात त्याला ताप आला. गिळताना घास श्वासनलिकेत जात होता, ते आम्हाला उशिरा कळलं. छातीत कफ भरला. हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा तो मुलं माळावरून पळत आल्यावर घेतात तसा श्वास घेत होता. सकाळची वेळ होती, वॉर्डात लख्ख ऊन आलं होतं. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी मला आणि निखिलला बाजूला घेऊन सांगितलं की घशात नळी घालून मशीनवर ठेवलं नाही तर एकदोन दिवसांपेक्षा जास्त नाही. ठेवलं तर वाचू शकतात. पण नंतर काय उरेल, ते सांगता येणार नाही. आधीपेक्षा कमी, एवढं नक्की. तुम्ही ठरवा, म्हणाले, फार वेळ नाही.

मी सुधीरजवळ गेले. त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तो त्याने डाव्या हाताने वर सरकवला, माझं मनगट पकडलं आणि म्हणाला, "लीव्ह." श्वास घेतला आणि पुन्हा म्हणाला. डोळे अगदी स्वच्छ होते, ऑफिसातून फोन करून काही महत्त्वाचं सांगताना आवाज असायचा तसे. त्याला नक्की काहीतरी सांगायचं होतं आणि त्याने ते सांगितलं होतं. बाकीचं काम माझं होतं.

मी वाकून विचारलं, "नळी नको ना तुला?" त्याने मान हलवली. हो.

मी विचारलं, "राहायचंय ना, सुधीर?" त्याने मान हलवली. हो.

तो आजारी पडल्यापासून सगळ्यालाच मान हलवून हो म्हणायचा. शुभाने मला तसं बजावलं होतं.

बाहेर, वॉर्डाच्या दारातून सगळं दिसेल असा, निखिल भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "आई, बाबा सांगतायत. सोडा म्हणतायत. अजून किती स्पष्ट सांगायचं त्यांनी?" मी म्हटलं, नाही, राहू द्या म्हणतोय. त्याने विचारलं कशावरून. आणि मी त्या व्हरांड्यात उभी राहून, ट्रॉल्या जात होत्या येत होत्या, त्याला सरोजाक्कांचा शब्दकोश सांगितला. राहू देणे, उरणे, चिकटून राहणे. निखिलने मला मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "आई, हे बाबांना माहीत होतं का?"

तेवढ्यात डॉक्टर आले आणि मी त्यांना हो म्हटलं, नळी घाला. खाली जाऊन निखिलने सगळी धावपळ केली, औषधं आणली, माझ्यासाठी इडली आणली. ती मी खाल्ली. कशी खाल्ली कोण जाणे.

सुधीर वाचला. पावसाळा लागल्यावर आम्ही त्याला घरी आणलं. गळ्याला भोक पाडून त्यात नळी बसवलेली, खाण्यासाठी पोटात दुसरी. तो एक शब्दही आता उरला नव्हता. गळ्यातली नळी पुढे काढली, भोक बुजलं, पण आवाज आला नाही, आणि शुभा दोनदा घरी येऊन पाहून गेली तेव्हा तिने मला सांगितलं की आता नुसत्या आवाजाचा प्रश्न नाही. आतलं कळणंही गेलं आहे. तिने पत्त्यांची पेटी उघडलीसुद्धा नाही. मी तिला पोचवायला खालपर्यंत गेले. फाटकाशी ती माझा हात धरून उभी राहिली. त्यानंतर ती आली नाही, आणि मीही बोलावलं नाही.

तेव्हापासून तो आहे. आतल्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून. डोळे उघडे असतात. ऊन सरकतं तसे ते कधी सरकतात, कधी नाही. मी शिकवणी पुन्हा सुरू केली आहे, घरात सारखं कुणीतरी लागतं आणि बाहेर जाता येत नाही. चपलांचा ढीग पुन्हा असतो. मुलांना मी सांगून ठेवलं आहे की आत सर झोपलेत, आणि मुलं बिचारी कुजबुजत गणितं सोडवतात. फळ्यावर माझं चुकलं तर आता कुणी खाकरत नाही. मागे एकदा शब्दांत मांडलेलं एक उदाहरण होतं, इतके होते, इतके गेले, हाउ मेनी आर लेफ्ट. मी ते वाचलं आणि पुढे काय करायचं तेच मला सुचेना. मुलं वाट बघत होती. मग एका मुलीने हळूच उत्तर सांगितलं आणि मी ते लिहिलं.

लोक येतात, म्हणतात, तुम्ही किती करता त्यांचं. अशा वेळी मला आत जाऊन दार लावून घ्यावंसं वाटतं. मी काय करते? त्याला पुसते, नळीतून भरवते, कूस बदलते. पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर लावते. त्याची त्वचा कागदासारखी झाली आहे. कधी कधी त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवताना त्याच्या भुवया जवळ येतात. पूर्वी ड्रॉइंगवर वाकला की यायच्या तशा. मी तेवढ्यापुरती थांबते. मग त्या परत सुटतात, आणि मला कळत नाही की ते दुखणं होतं, त्रास होता, की नुसतीच एक शीर हलली.

निखिल अजून मारतहळ्ळीलाच आहे. कंपनी त्याला परदेशी पाठवत होती, तो गेला नाही. का नाही, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रविवारी येतो. बाबांची दाढी करतो, नखं कापतो. त्या व्हरांड्यातल्या बोलण्याचा विषय आम्ही दोघांनीही कधी काढला नाही. त्याच्या मनात माझ्याबद्दल राग असेल असं मी धरून चालले होते. असलेला बरा, असंही वाटायचं. कुणीतरी सुधीरच्या बाजूने रागावलेलं असायला हवं.

गेल्या रविवारी दाढी झाल्यावर तो टॉवेल घडी करत पलंगापाशीच बसला. बाहेर शेजारच्या गच्चीवर एक मुलगा मोठ्याने काहीतरी पाठ करत होता, एकच ओळ, पुन्हा पुन्हा चुकत होता. निखिल मान वर न करता म्हणाला, "आई, त्या दिवशी बाबा काय म्हणत होते? तुला खरं काय वाटतं?"

एवढी वर्षं जे मी कुणाला बोलले नव्हते ते माझ्या तोंडून अगदी सहज निघालं. मी म्हटलं, "मला वाटतं तू म्हणत होतास तेच. जाऊ द्या म्हणत होता. त्याला पुरे झालं होतं. इतक्या स्वच्छ डोळ्यांनी माणूस राहू द्या म्हणत नाही."

निखिलने टॉवेल मांडीवर ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखू शकले नाही. जिंकल्याचं नव्हतं. तो म्हणाला, "मला उलटं वाटतं. मला आता रोज वाटतं की ते राहू द्या म्हणत होते. माझा शर्ट धरायचे ना ते, आई. तसंच त्यांनी तुझं मनगट धरलं होतं. आणि मी बाहेर उभा राहून म्हणत होतो, सोडा."

मला त्याला सांगायचं होतं, नाही रे, तूच बरोबर होतास. त्यालाही मला तेच सांगायचं असणार. पण ते म्हणून काही होणार नव्हतं. इतके दिवस मला वाटत होतं की आम्हा दोघांपैकी निदान एकजण तरी निश्चिंत असेल. मी चुकले असेन तर तो बरोबर असेल, आणि तो रात्री शांत झोपत असेल. आता तेही नव्हतं. ज्याला विचारायचं तो आमच्या दोघांच्या मध्ये, नुकती दाढी केलेला, स्वच्छ चेहऱ्याने खिडकीकडे बघत पडला होता.

कूस बदलायची वेळ झाली होती. निखिल उठून पलीकडे गेला, मी अलीकडे राहिले. खालच्या चादरीची टोकं आम्ही दोन्हीकडून धरली आणि उचललं. सुधीर आता फार हलका झाला आहे. मी एकटीही सहज उचलू शकते. तरी निखिलने आपलं टोक धरून ठेवलं, मीही धरून ठेवलं, आणि आम्ही त्याला अगदी हळू खिडकीकडून भिंतीकडे वळवलं.